बोरीच्या बागेत माझ्या नावाचं झाड

शाळा सुरू झाली की पहिल्या रविवारी आम्हाला वह्यांना खाकी कव्हरं घालायची असायची. कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलमधलं जेवणाचं लांब टेबल, एका टोकाकडून कात्री निघायची, दुसऱ्या टोकाकडून डिंकाची बाटली. ती बाटली आमच्यापर्यंत येईस्तोवर रिकामी झालेली असायची. मग माझ्या शेजारची शकू उठायची, स्वयंपाकघरामागच्या भोकराच्या झाडाखाली जायची आणि फ्रॉकच्या ओच्यात पिकलेली भोकरं घेऊन यायची. भोकर दाबलं की आतून पारदर्शक, चिकट गर येतो. कागद चिकटवायला त्याच्याइतकं चांगलं काही मी अजून वापरलेलं नाही. बी मात्र सुळकन निसटते आणि कुठेही जाते. एकदा ती सिस्टरच्या चहाच्या कपात गेली. सिस्टरने आत डोकावून पाहिलं आणि आम्हा दोघींना नळाकडे बोट दाखवलं. आमच्या करंगळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. नळाखाली उभ्या राहून आम्ही त्या सोडवत होतो, म्हणजे मी सोडवत होते आणि शकू पुन्हा चिकटवत होती.

एवढीच आठवण. पण गेल्या महिन्यात या ब्लॉगच्या एका वाचक ताईंनी मला एका बागेचे फोटो पाठवले, त्यात पहिलाच फोटो भोकराच्या घोसाचा होता. झाडावरचा नव्हे, लोखंडाचा, माणसाच्या उंचीचा. खाली लिहिलं होतं: बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी.

बोरी म्हणजे शकूचं गाव. सात-आठ वर्षांपूर्वी तिचा फोन अचानक बंद झाला. परभणीत ती शिक्षिका होती, तिथल्या पत्त्यावर मी दिवाळीची दोन कार्डं पाठवली, उत्तर नाही. आपलं काय चुकलं हे मी मनात खूप वेळा शोधून पाहिलं होतं. आता ठरवलं, बाग बघायची आणि शकूला समोर बसवून विचारायचं.

मुलगी म्हणाली, "मे महिन्यात परभणी? आई, लोक मे महिन्यात परभणीहून बाहेर जातात."

पण भोकरं मे-जूनमध्येच पिकतात.

पहिला दिवस

पुण्याहून रात्रीच्या गाडीने सकाळी परभणीला उतरले. तुम्ही याच दिवसांत जाणार असाल तर एक सांगते, जे काही बघायचं ते सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळेत सावली शोधायची आणि गप्प बसायचं. टोपीपेक्षा सुती ओढणी बरी. स्टेशनबाहेर पोहे आणि फार गोड चहा घेतला आणि बसस्थानकावरून जिंतूरची एसटी पकडली. बोरी याच रस्त्यावर आहे. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत बायकाच जास्त होत्या.

शेजारी एक आजी मांडीवर कलिंगड घेऊन बसल्या होत्या.

"कुठं जायलाव बाई?"

"बोरीला. बाग बघायला."

"उन्हाळ्यात बाग बघायला जायलाव? मंग पावसाळ्यात काय बघताव, धूळ?" त्यांनी मागच्या सीटकडे वळून हे सगळ्यांना ऐकवलं. अर्धी गाडी हसली. मीही हसले, कारण खिडकीबाहेर खरोखरच नांगरलेली काळी रानं आणि पांढरं आभाळ याखेरीज काही नव्हतं.

बोरीच्या थांब्यापासून रिक्षाने दहा मिनिटं लागतात. बागेला फाटक नाही, तिकीट नाही. पूर्वी इथे गावचा उकिरडा होता म्हणे. कडेने हिवराच्या काट्यांचं कुंपण, आणि आत शिरताना एक फळी: "फुलं तोडू नका. फळं खा."

मला लॉन, गुलाब, कारंजं असलं काही दिसेल अशी अपेक्षा नव्हती, तरी समोर जे दिसलं त्याने मी जागीच थांबले. त्या उन्हात बहावा पिवळाधमक फुलला होता. एक नाही, ओळीने. मध्ये अर्जुन, करंज, आपटा, कवठ, मेडशिंगी, नुकती नवी पालवी ल्यालेला पळस. सगळी इकडचीच झाडं, इथल्या मातीत न सांगता वाढणारी. आणि झाडांच्या मधून लोखंड. बहाव्याच्या शेंगेसारखा लांब, काळा, किंचित वाकलेला बाक. काटेसावरीचं उकललेलं बोंड, ज्याच्या एकेका पाकळीत दोन मुलं बसून गोळ्या खात होती. बाभळीच्या फांदीला लटकलेला, तारांनी विणलेला सुगरणीचा खोपा, खाली मातीचं आणि चुन्याचं वारूळ. जवळ जाऊन पाहिलं तर बाकाला नांगराचे फाळ, बोंडाला वखराची पाती आणि मोडक्या सायकलींची चाकं. गावातल्या भंगारातून गावातल्याच वेल्डरने हे सगळं केलंय. भोकराच्या लोखंडी घोसातली फळं म्हणजे जुन्या बेअरिंगमधले गोळे.

प्रत्येक झाडापाशी एक लोखंडी पान जमिनीत रोवलेलं आणि त्यावर वेल्डिंगने काढलेलं नाव. सखाराम. गयाबाई. शेख हुसेन. मला वाटलं, देणगीदार असतील. मी फोटो काढत काढत लोखंडी घोसामागच्या खऱ्या भोकरापर्यंत पोचले. झाड छान वाढलेलं, फळांनी लगडलेलं. दोन तोडली, खाल्ली, बोटं चिकट झाली, आणि मग पानाकडे लक्ष गेलं.

"हेमा. माझ्या शाळेतली."

हेमा मीच. मला एकदम भरून आलं. म्हणजे शकू रागावलेली नव्हती. तिने माझ्या नावाने झाड लावलं होतं, तेही भोकराचं. मी तिथेच बसले आणि पानावरून हात फिरवला. पान इतकं तापलं होतं की हात मागे घ्यावा लागला.

एक बाई डोक्यावर घागर घेऊन आल्या. त्यांचं नाव कौसाबाई, शेजारच्या गयाबाईच्या झाडाला पाणी घालायला आल्या होत्या. मी विचारलं, "ही नावं कोणाची? पैसे दिले त्यांची का?"

"पैसे कशाचे? गेलेल्या मानसांची हायत. मानूस गेलं की राख नदीत न्हाई सोडायची, इथं खड्ड्यात टाकून झाड लावायचं. ही गयाबाई माझी सासू." त्यांनी घागर रिकामी केली. "जिती असताना माझ्या हातचं पानी पीत नव्हती. आता बघा कशी पियाली."

"आणि ही हेमा?"

"ती शकूमॅडमची मैतरीन. तिकडं पुन्याला वारली बिचारी. राख न्हाई भेटली, म्हनून मॅडमनी तिची एक चिठ्ठी टाकली खड्ड्यात. लय रडल्या. अजून रोज येऊन बसत्यात इथं, बोलत्यात झाडासंगं."

  तोंडात अजून माझ्याच झाडाचा गोड, बुळबुळीत गर होता. तो गिळावा की थुंकावा हे मला कळेना.

"कौसाबाई," मी म्हणाले, "हेमा मीच आहे."

 त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. पावलं सरळ आहेत की उलटी, हे बघत होत्या. मी नकळत चपला काढून पाय पुढे केले. बराच वेळ त्यांनी ते निरखले.

"टाच फुटली की तुमची," शेवटी त्या म्हणाल्या. "भुताची फुटत नसंल." आणि घागर तिथेच टाकून शकूला बोलवायला गेल्या.

शकू आली तेव्हा मी बाकावर बसले होते. केस सगळे पांढरे, खूप बारीक झालेली, पण चाल तीच, जरा उजवीकडे कललेली. ती माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. मला वाटलं होतं ती मिठी मारेल. तिने हात पुढे केला आणि माझी करंगळी धरली, फक्त करंगळी, डॉक्टर नाडी बघतात तशी. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

"कोणी केलं हे?" ती म्हणाली.

"मला माहीत नाही, शकू. तुला कोणी सांगितलं होतं?"

"तुझ्या जावेनं. मंदाताईनं. रडत होती फोनवर."

मंदाताई माझी मोठी जाऊ, आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते. शकू पूर्वी एकदा ट्रेनिंगसाठी पुण्याला आली होती तेव्हा आमच्याकडे पंधरवडा राहिली होती, तेव्हापासून दोघींची ओळख. मी तिथूनच मंदाताईला फोन लावला, स्पीकरवर.

"अगं बाई," मंदाताई म्हणाली, "तू गच्चीवर कुरडया राखत बसली होतीस आणि तुझ्या डोक्यावर कावळा बसला होता, आठवतंय का? तेव्हा."

आठवलं. मी हसून डोकं धुतलं होतं. मंदाताई मात्र दिवसभर घाबरलेली होती. डोक्यावर कावळा बसला की मरण जवळ आलं असं तिच्या माहेरी मानतात, आणि त्यावर उतारा म्हणजे त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी आप्तांना कळवायची. ते खरे रडले की अरिष्ट टळतं. मग दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं. माझ्या भावालाही तिने असंच कळवलं होतं, तो त्यावरून महिनाभर आमच्याशी बोलला नव्हता. शकूलाही कळवलंय, हे मात्र तिने मला कधी सांगितलं नाही.

"भावाला सांगितलंस ते ठीक," मी म्हणाले. "शकूला कशाला?"

"अगं, भावाचं काय, तो पुरुष माणूस. खरं रडणारं कोणीतरी हवं होतं ना. मला तीच आठवली." ती थोडी थांबली. "दुसऱ्या दिवशी सकाळी तिला फोन लावला होता गं मी, खोटं आहे सांगायला. दिवसभर बंद लागला. मग नंतर... राहून गेलं. तिला कळलंच असेल असं वाटलं."

"बंदच असणार," शकू फोनकडे वाकून म्हणाली. "मी ऑपरेशनच्या टेबलावर होते, मंदाताई."

मी फोन ठेवला.

शकूला कॅन्सर झाला होता, हे मला त्या बाकावर कळलं. माझ्या मरणाची बातमी तिला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मिळाली. पुढे वर्षभर उपचार, नोकरी सोडली, परभणीचं घर सोडलं, नंबर बदलला. माझे यजमान आधीच गेलेले, मुलगी बंगळूरला. सांत्वनाचा फोन करायचा तरी कोणाला? शकूच्या घरात आजोबांनी बौद्ध धम्म घेतल्यापासून श्राद्ध, पिंड हे काही करत नाहीत. म्हणून बरी झाल्यावर तिने झाड लावलं. बागेतलं पहिलं झाड तेच. ते बघून कौसाबाईने सासूचं लावलं, मग बचत गटातल्या बायकांनी, मग सगळ्या गावाने. म्हणजे ही सबंध बाग माझ्या न झालेल्या मरणापासून सुरू झाली होती.

"आमच्यात कावळा शिवला तर आंघोळ करतात, बस," शकू म्हणाली. "तुमच्या कावळ्यापायी मी माझी सात वर्षं घातली." आवाज अजिबात चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

बोरीत लॉज नाही. राहायचं तर परभणी किंवा जिंतूर गाठा. मी शकूकडे राहिले. तिने भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि भोकराचं लोणचं वाढलं, अंथरूण घातलं, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसरा दिवस

सकाळी ती म्हणाली, "येलदरीला जायचंय ना तुला? चल." बोरीहून जिंतूर आणि तिथून येलदरी, दोन्ही एसटी सहज मिळतात. पूर्णा नदीवरचं धरण, खाली वीजघर. भिंतीवर जायला परवानगी लागते, आम्ही तिकडे गेलो नाही. मे महिन्यात पाणी खूप आत गेलेलं असतं, पण जेवढं असतं ते निळंभोर दिसतं, आणि सकाळी पाणपक्षी पुष्कळ. रस्त्याकडेच्या टपरीवर ताजा मासा तळून मिळतो. मसाला तिखट आहे, सोबत दही मागून घ्या.

माशाचा काटा काढता काढता शकू बोलायला लागली.

"तुला माहितीये का हेमा, मी तुझ्यावर का चिडले? तू जिवंत निघालीस म्हणून."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"तसं नाही गं. ऐक. गेलेल्या हेमाला मी सगळं सांगत होते. छातीवरचा टाका ओढतो ते. सुनेनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा तोंड फिरवलं ते. रात्री मरायची भीती वाटते ते. ती उलटून बोलायची नाही, धीर धर म्हणायची नाही. आता तू येऊन बसलीस समोर. तुला कशी सांगू? तू लगेच डॉक्टरचं नाव सुचवशील."

मी खरोखरच एका डॉक्टरांचं नाव सांगायच्या बेतात होते.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"मासा खा. गार व्हायलाय."

मी खाल्ला. आयुष्यात इतका हेवा मी कोणाचा केला नसेल जितका त्या झाडाचा केला. माझ्या नावावर ते सात वर्षं ऐकत होतं आणि मी पुण्यात बसून रुसले होते. मी तिला म्हणाले, "मी डॉक्टरचं नाव सांगणार नाही. काहीच सांगणार नाही. तू बोल, मी झाडासारखी बसते."

"तुझ्याच्यानं होणार नाही."

"बघ तर."

ती बोलली. वीजघराच्या बाजूला तारांवर कावळे बसले होते, एकदा तर दोघींनी एकदमच वर पाहिलं आणि ओढण्या डोक्यावर घेतल्या. पण मी बोलले नाही. जे ऐकलं ते इथे लिहिणार नाही. जिंतूरला परत येईपर्यंत ती बोलत होती, आणि एसटीत उभी असलेली एक बाई पूर्ण वेळ आमच्याकडे कान लावून होती. उतरताना ती शकूला म्हणाली, "मावशी, तुमची बहीन मुकी हाय का?"

शकू त्यावर इतकी हसली की तिला दांडा धरावा लागला.

तिसरा दिवस

सकाळी बागेत पंचायत बसली. प्रश्न असा, की जिवंत माणसाच्या नावाचं पान ठेवायचं का? कौसाबाईचं मत ठेवायचं, कारण खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतंच, आता काढलं तर उलटायचं. वेल्डर रशीदभाई ग्राइंडर घेऊन आले होते. ते म्हणाले, "बाई, मैं तो बोलतूं रहने दो. मेरे हात का काम है, आज तक किसी का नहीं निकाला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आपको बुरा न्हई लगना, मगर आप जिंदा निकले तो मेरा डबल काम हुआ."

निर्णय शकूचा होता. "बागेचा नियम एकच आहे," ती म्हणाली. "इथं गेलेल्यांचीच नावं. माझ्या मैत्रिणीसाठी नियम मोडला तर उद्या सरपंच स्वतःचं नाव लावतील." ठिणग्या उडाल्या आणि पान निघालं. झाड तिथेच राहिलं, बिननावाचं. त्याच्या बुंध्याशी काँक्रीटमध्ये पानाच्या देठाचा तेवढा तुकडा उरलाय. तुम्ही गेलात तर दिसेल.

निघताना शकूने विचारलं, "त्या खड्ड्यात तुझं कोणतं पत्र टाकलं माहितीये? हॉस्टेलमधलं. मला गोवर झाला होता तेव्हा तू दाराखालून सरकवलेलं."

"काय लिहिलं होतं मी?"

"गणिताचा अभ्यास. मागचे प्रश्न कोणते सोडवायचे ते." ती म्हणाली, "दुसरं पत्रच नव्हतं माझ्याकडे. आपण रोज शेजारी बसायचो, लिहिणार कशाला?"

पुण्यात

परत येऊन आठवडा झाला. फोटो चाळते आहे. बहाव्याचे सुंदर आलेत, खोपा अप्रतिम आलाय. पण मला राहून राहून आठवतात त्या कौसाबाईंनी निरखलेल्या माझ्या टाचा. मंदाताईने शकूला फोन केला, दोघी तासभर बोलल्या, काय बोलल्या ते मला कोणी सांगत नाही. शकूचा फोन आता रोज संध्याकाळी येतो. ती बोलते, मी गप्प बसते. जमतंय हळूहळू.

आपल्या मागचं जे ठरवता येईल ते जिवंतपणीच ठरवावं असं मला त्या बागेत वाटलं. मुलगी हा ब्लॉग वाचते, म्हणून इथेच लिहून ठेवते.

भोकराच्या लोणच्याच्या दोन बरण्या आणल्यात. मोठी मंदाताईला द्यायची, कारण त्या भोकराचं मूळ तिच्याकडेच जातं. छोटी फोटो पाठवणाऱ्या वाचक ताईंना. पिकलेल्या भोकरांच्या बिया कागदात वाळत आहेत, त्या मी शिकले त्या शाळेच्या माळीदादांना. स्वयंपाकघरामागचं झाड आता नाही असं ऐकलंय.

कापलेलं लोखंडी पान मी सोबत आणलंय, ते माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे. ते कोणाला भंगारात द्यायचं नाही. मी गेल्यावर मुलीने ते आणि मूठभर राख, दोन्ही स्वतःच्या हाताने बोरीला न्यायचं. पार्सलने नाही, एसटीने. पान त्याच देठावर रशीदभाईंनी जोडून द्यायचं. मजुरी घेतील, घेऊ द्यायची.

बातमी मंदाताईने कळवायची नाही. मुलीने कळवायची, आणि तीही आधी कौसाबाईंना, म्हणजे त्या शकूजवळ जाऊन बसतील.

आणि शकू, तू हे वाचत असशील तर, दुसऱ्या कोणाकडून खात्री करून घेतल्याशिवाय रडायचं नाही.